बाळंतिणीची खोली

आमच्या घराच्या मागल्या अंगाला एक लहानशी खोली आहे. तिला खिडकी नाही. छपराजवळ हातभर लांबीचा एक झरोका तेवढा आहे. या खोलीला आम्ही अजूनही 'केळ्यांची खोली' म्हणतो. आमच्या वसईत वाडीवाडीतून राजेळीच्या बागा होत्या, त्या काळी लोंगर कापून या खोलीत रचले जात, दार लावून फटी बुजवल्या जात आणि आत मंद ऊब धरली जाई. आमचे आजोबा पहाटे उठून दार किलकिले करीत, आत हात घालीत आणि आणखी एक रात्र लागेल की नाही, हे नुसत्या तळहातावरून सांगत. पुढे विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागले, केळी गेली, वाडीत काही माड आणि थोडी फुलझाडे उरली, घरातील माणसे सकाळच्या लोकलने मुंबईला कामावर जाऊ लागली. केळ्यांची खोली अडगळीची खोली झाली.

या खोलीला 2017 च्या आगमनकाळात पुन्हा एकदा ऊब मिळाली. निमित्त होते आमच्या टिकलीच्या बाळंतपणाचे. टिकली म्हणजे आमची कुत्री. मुक्या जनावराचे बाळंतपण हा काही लेखाचा विषय आहे का, असे एखाद्याला वाटेल. आम्हालाही कधीकाळी तसेच वाटत असे, आणि म्हणूनच या गोष्टीच्या आरंभी एक कबुली द्यावी लागत आहे.

टिकली आम्ही आणलेली नव्हती. 2015 च्या पावसाळ्यात तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक गावठी कुत्री आमच्या ओट्याखाली आडोशाला आली आणि तेथेच राहिली. उरलासुरला भात, माशांचे तुकडे तिला मिळू लागले. ठिपक्यावरून धाकटीने तिचे नाव ठेवले. नाव मिळाले म्हणजे ती घरची झाली, असे आम्ही समजत होतो; पण घरची असणे म्हणजे काय, याचा विचार आम्ही केला नव्हता.

2016 च्या जानेवारीत ती झावळ्यांच्या ढिगामागे व्याली. सहा पिले झाली. मुले आनंदाने नाचली. आम्ही मोठ्यांनी एकदा डोकावून पाहिले, एक पोते टाकले आणि म्हटले, "जनावराला निसर्ग शिकवतो. आपण मध्ये पडू नये." त्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दार उघडले तेव्हा ओट्याच्या पायरीवर दोन पिले ठेवलेली होती, ताठ आणि थंड. टिकलीने ती तोंडात धरून आणली होती आणि ती बाजूला उभी राहून आमच्याकडे पाहत होती. दुपारपर्यंत तिने आणखी दोन आणली. शेवटचे पिलू बाराव्या दिवशी गेले.

त्या सकाळी आमच्या सर्वांच्या अंगावर शाली होत्या. थोरला तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने पायरीकडे पाहत विचारले, "थंडी आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं का?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही वाडीच्या कडेला खड्डा खणला. टिकलीचे ऑपरेशन करून घ्यायचे, असे त्या दिवशी ठरले. ठरले आणि राहून गेले. कळवळा आला होता, अगदी खरा आला होता. पण तो पिले गेल्यानंतर आला होता. आणि चार दिवसांनी ओसरलाही होता.

2017 च्या नोव्हेंबरात टिकलीचे पोट पुन्हा दिसू लागले. या वेळी थोरल्याने तोंडाने काही विचारले नाही. तो फक्त आमच्याकडे पाही. शेवटी एका शनिवारी आम्ही तिला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पोट चाचपले, दिवसांचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. दोन-चार दिवस इकडेतिकडे. तुमची डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वीत होईल. जागा कुठं केली आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. जागा केलेली नव्हती.

डॉक्टर मोठे बोलके गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसवून घेतले आणि जे सांगितले ते धाकटीने शाळेच्या वहीत उतरून घेतले. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला स्वतःच्या अंगात ऊब निर्माण करता येत नाही. पहिल्या आठवड्यात तर त्याला कुडकुडताही येत नाही. आईच्या पोटाची आणि भावंडांच्या अंगाची ऊब हेच त्याचे पांघरूण. ती सुटली की ते गारठते. गारठले की त्याला दूध ओढण्याची ताकद राहत नाही. पोटात गेलेले दूधही पचत नाही. आणि थंड पडलेले पिलू पुष्कळदा आईच बाजूला सारते. पहिल्या आठवड्यात पिलांच्या अंथरुणापाशी 30 अंशांच्या आसपास उष्णता हवी. मग ती हळूहळू कमी करीत चौथ्या आठवड्यापर्यंत 24 वर आणावी. "वसईची थंडी ती काय, असं तुम्हाला वाटत असेल," डॉक्टर म्हणाले. "पहाटे पंधरा अंश असले तर तुम्ही स्वेटर घालून भाकरी खाता. पिलाला मात्र पंधरा अंश कमी पडतात."

आमच्या मनातला हिशेब त्या वाक्याने चुकता झाला. निसर्ग शिकवतो हे खरे होते; टिकलीला चाटणे, पाजणे, कुशीत घेणे सारे येत होते. परंतु झावळ्यांच्या ढिगामागून वारा अडवणे तिच्या हातचे नव्हते. ते आमच्या हातचे होते.

घरी येऊन आम्ही केळ्यांची खोली रिकामी करू लागलो, तेव्हा पहिला विरोध झाला तो आईचा. आई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिच्या आत्या गावात सुईणपण करीत, आणि लहानपणी रात्री-अपरात्री त्यांच्यापुढे कंदील धरून चालण्याचे काम आईकडे असे. बाळंतपण म्हणजे काय हे तिच्याइतके घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच की काय, तिला राग आला.

"कुत्रीचं बाळंतपण घरात? येशूबाळाच्या सणाला? कधी ऐकलंय का कोणी?"

"आजी, तोबितच्या ग्रंथात तोबियाबरोबर कुत्रा गेला होता की," थोरला म्हणाला. तो त्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात पुष्कळ मन लावून बसत असे.

"गेला होता तो वाटेनं," आई म्हणाली. "त्याला कोणी माजघरात घेतलं नव्हतं."

यावर थोरला निरुत्तर झाला. आम्हीही गप्प राहून झाडू मारीत राहिलो. फुटलेल्या कुंड्या, जुने पंप, गंजलेली पत्र्याची पिंपे बाहेर काढली. भिंतींना चुना दिला आणि वास जाण्यासाठी आठ दिवस दार उघडे ठेवले. डॉक्टरांनी बजावले होते की, वेळेच्या निदान दहा-बारा दिवस आधी कुत्रीला नव्या जागेची सवय व्हायला हवी, नाहीतर ऐनवेळी ती आपल्या मनाच्या जागी निघून जाते.

पेटी घरीच केली. चार फूट लांब, तीन फूट रुंद. तीन बाजूंना दीड फुटाच्या फळ्या आणि चौथ्या बाजूला टिकलीला ओलांडता येईल पण पिलाला येणार नाही, एवढी ठेंगणी फळी. आतून चारी बाजूंना, तळापासून चार बोटे वर आणि भिंतीपासून चार बोटे आत, एक पट्टी ठोकली. कुत्री कुशीवर पडताना पिलू तिच्या पाठीमागे फळीशी सापडून चिरडू शकते. या पट्टीखाली त्याला जीव वाचवण्यापुरती जागा मिळते. सारी पेटी विटांवर ठेवली, कारण लादीचा गारठा फळीतून वर येतो.

मुलांचा आग्रह होता की गव्हाणीसाठी आणून ठेवलेला भाताचा पेंढा पेटीत घालावा. कल्पना आम्हालाही गोड वाटली. पण डॉक्टरांनी मनाई केली: पेंढ्याची धूळ आणि कुसे पिलांच्या नाकाडोळ्यांत जातात, त्यात गोचिडी-पिसवाही दडतात. वर्तमानपत्रांचा जाड थर आणि त्यावर रोज धुता येतील अशी सुती कापडे, एवढेच घालायचे. त्यामुळे पेंढा गव्हाणीसाठी राहिला आणि आम्ही एक जुनी गोधडी काढून पेटीत पसरली.

गोधडी आईच्या लुगड्यांची होती. ती पसरलेली पाहून आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आता ती काय बोलेल याची आम्हाला धास्ती वाटली. तिने वाकून गोधडीच्या कडा चाचपल्या.

"हे असं ठेवणार?" ती म्हणाली. "घडीखाली पोर गेलं तर गुदमरेल. धागे सुटलेत; पायात अडकतील. ते काय गोधडी उचलून बाहेर येणार आहे?"

ती गोधडी घेऊन गेली. दोन दिवस ती ओट्यावर उन्हाला बसून शिवत होती. तिने पेटीच्या मापाने गोधडी कापली, सुटे धागे काढले, कडा मुडपून घट्ट टाके घातले आणि चारी कोपऱ्यांना बंद लावले, म्हणजे ती पेटीच्या तळाशी ताणून बांधता यावी. तशाच मापाच्या आणखी दोन केल्या. एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत. कोणासाठी हे चालले आहे याविषयी ती एक अक्षर बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

उबेचा प्रश्न मात्र राहिला होता. आईचे म्हणणे, बाळंतिणीला शेगडी हवी. कोळशांवर ओवा टाकून खोली शेकावी. तिच्या काळी प्रत्येक बाळंतिणीच्या बाजेखाली ती असेच. डॉक्टरांना विचारले तर त्यांनी हात जोडले. बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि त्याने माणूसही झोपेतून उठत नाही. त्यांनी शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सांगितला. हा सल्ला सोपा वाटतो. पण तोवर घरोघरी थंड प्रकाशाचे दिवे आले होते आणि उष्णता देणारा बल्ब दुर्मीळ झाला होता. आम्ही तीन दुकाने फिरलो. अखेर होळी बाजारातील एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून दोन बल्ब काढून दिले आणि कोंबड्या पाळता का, असे विचारले. बल्ब आम्ही पेटीच्या एकाच कोपऱ्यावर, टिकलीचे डोके लागणार नाही इतक्या उंचीवर साखळीने टांगला. वायर तिच्या तोंडापासून दूर भिंतीवरून नेली. एकाच कोपऱ्यावर अशासाठी की, ज्याला गरम होईल त्याला सरकायला थंड बाजू असावी. अति उष्णतेनेही पिले दगावतात, आणि आई धापा टाकत पेटी सोडून जाते. तळाशी एक तापमापी ठेवली. पहिल्या दिवशी तीत 36 अंश दिसले. बल्ब वर घेतला. दुसऱ्या दिवशी 26, खाली घेतला. आजोबांचा तळहात आम्हाला त्या दिवसांत फार आठवला.

आगमनकाळाचा पहिला रविवार 3 डिसेंबरला आला. दोनच दिवसांनी, मंगळवारी, ओखी चक्रीवादळाचा पाऊस कोसळला. डिसेंबरात असा पाऊस आमच्या आठवणीत नव्हता. शाळांना सुट्टी मिळाली, हवेत बोचरा ओलावा भरला. त्या रात्री टिकली ओट्याखालून उठून आपणहून केळ्यांच्या खोलीत आली, पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत शिरली आणि आईच्या गोधडीवर वेटोळे करून झोपली. दार लोटून घेताना आम्हाला 2016 चा जानेवारी आठवला. झावळ्यांचा तो ढीग तेव्हा जेथे होता, तेथे त्या रात्री घोटाभर पाणी साचले होते.

त्या रविवारी प्रवचनात फादर आगमनकाळाविषयी बोलले. जो येणार आहे त्याच्यासाठी वाट तयार करायची असते, आणि ती तो येण्याआधी करायची असते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या दृष्टीने तयारी म्हणजे घराला रंग, करंज्या, तारा, गव्हाणी. त्या वर्षी मात्र बाकावर बसल्या बसल्या आमच्या डोळ्यांपुढे तापमापी होती. हे प्रवचनाकडे दुर्लक्ष होते की त्याचे पालन, हे आम्ही फादरांना विचारले नाही.

टिकलीचा आहार दर आठवड्याला थोडा थोडा वाढवीत दीडपट केला. भात, अंडे, काटे काढलेली उकडलेली मासळी, दिवसातून चार वेळा थोडे थोडे. शेजाऱ्यांनी प्रेमाने कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. त्या डॉक्टरांनी परत करायला लावल्या. गाभणपणी वरून कॅल्शियम दिले की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढण्याची सवय विसरते आणि व्याल्यावर दूध भरात असताना कुत्रीला झटके येऊ शकतात. चांगल्या हेतूने केलेली गोष्टही अज्ञानाने घातक ठरते, हा धडा आम्हाला नवा नव्हता.

15 डिसेंबरपासून थोरला सकाळ-संध्याकाळ टिकलीचा ताप पाहून वहीत मांडू लागला. कुत्र्याच्या अंगाची उष्णता एरवी 101 फॅरनहाइटच्या पुढेमागे असते. ती 99 च्या खाली उतरली की बहुधा चोवीस तासांत वीत होते. सोमवारी, 18 तारखेला सकाळी 98.4 भरली. टिकलीने भाताला तोंड लावले नाही. दिवसभर ती वर्तमानपत्रे पंज्यांनी उकरून फाडत होती. रात्री अकराच्या सुमारास पहिले पिलू आले. तिने पातळ पिशवी दातांनी फाडली, नाळ तोडली आणि ती त्याला चाटू लागली. पाऊण तासाने दुसरे आले. सारे इतके सुरळीत चालले होते की आम्ही दाराशी सतरंजीवर बसून चहा घेतला.

एक वाजता वीज गेली.

बल्ब विझला तेव्हा त्या खोलीतील अंधार आम्हाला थंड हातासारखा लागला. परंतु याचीही तयारी होती. चुलीवर पाणी तापत होते. दोन रबरी पिशव्या आणि चार बाटल्या भरून, जुन्या मोज्यांत घालून, फुलांच्या करंडीत कापडाखाली ठेवल्या. दोन्ही पिले त्यात ठेवली, टिकलीच्या नजरेसमोर. आई कंदील घेऊन आली. सत्तर वर्षांपूर्वी आत्याबाईंपुढे ती धरी तसाच तिने तो खाली, कमरेच्या उंचीवर धरला होता.

तिसरे पिलू आले ते हलले नाही. टिकली दमली होती. तिने पिशवी फाडली नाही, मान टाकून पडली. आम्ही पाहत राहिलो. वहीत काय लिहिले होते ते आम्हाला पाठ होते, पण हात पुढे होईना. आईने कंदील थोरल्याच्या हाती दिला, खाली बसली आणि बोटांनी पिशवी फाडली. पिलाचे तोंड पुसले, डोके खाली करून नाकातले पाणी निघू दिले, उकळलेल्या दोऱ्याने नाळ बांधून कापली आणि पंचात धरून त्याची पाठ चोळू लागली. जोराने, आम्हाला भीती वाटेल इतक्या जोराने. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की मोजणी, कळले नाही. किती वेळ गेला तेही सांगता येणार नाही. मग पंचातून उंदराच्या चिरक्यासारखा एक बारीक आवाज आला.

"धरा," आई म्हणाली. "उबेत ठेवा. लगेच पाजू नका. आधी अंग गरम होऊ द्या."

हे वहीतही लिहिलेले होते. पण तिने वही वाचली नव्हती.

साडेचारला पाचवे आणि शेवटचे पिलू झाले. पाच पिले, पाच वारा. आम्ही मोजून खात्री केली, कारण वार आत राहिली तर कुत्रीला धोका असतो. पहाटेची घंटा झाली तेव्हा वीज आली. पिवळ्या उजेडात पाचही पिले रांगेने टिकलीच्या पोटाशी लागली होती आणि आई पेटीच्या कडेला हात टेकून तशीच जमिनीवर बसली होती.

येथे ही गोष्ट संपवता आली असती तर बरे झाले असते. धाकटी रोज सकाळी फुले तोलायच्या काट्यावर पिले तोलीत असे. निरोगी पिलाचे वजन रोज वाढायला हवे. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट होते. चार पिलांचे आकडे चढू लागले. पाचवे जन्मताच लहान, 210 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी 205, तिसऱ्या दिवशी 190. आम्ही त्याला सर्वांत भरल्या थानाला लावीत होतो, डॉक्टरांना दोनदा बोलावले, त्यांनी दिलेले दूध थेंबाथेंबाने पाजले. 21 तारखेला दुपारी ते गेले. ते उबेतच होते.

वाडीच्या त्याच कडेला आम्ही पुन्हा खड्डा खणला. धाकटीने विचारले, "आपण सगळं केलं होतं ना?"

"हो," आम्ही म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी थोरल्याच्या प्रश्नासमोर आमची मान खाली गेली होती. या वेळी दुःख कमी नव्हते. चार जगली म्हणून पाचव्याचे जाणे हलके झाले नाही. परंतु त्या दुःखाला लाजेचा डंख नव्हता. मुलांबरोबर खड्ड्यापाशी उभे राहता आले, त्यांच्याकडे पाहता आले, रडता आले. तयारी केली म्हणजे मरण टळतेच असे नाही. आपल्या हातचे होते ते आपण राखून ठेवले नाही, एवढेच ती आपल्याला देते. आणि ते थोडे नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

त्या वर्षी गव्हाणी उशिराने आणि लहानशी झाली. नाताळच्या रात्री सर्वजण मध्यरात्रीच्या मिस्साला निघालो तेव्हा आई ओट्यावर बसून राहिली. मध्यरात्रीची मिस्सा तिने कधी चुकवल्याचे आम्हाला आठवत नव्हते. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मी सकाळच्या मिस्साला जाईन. वीज गेली तर पाणी कोण तापवणार?" आम्ही परतलो तेव्हा ती केळ्यांच्या खोलीत खुर्चीवर शाल लपेटून बसली होती. मांडीवर जपमाळ होती आणि पायाशी टिकली पिलांना पाजत होती.

नववर्षाच्या सुमारास पिलांचे डोळे उघडले. चौथ्या आठवड्यात ती ठेंगण्या फळीवरून बाहेर पडू लागली आणि बल्ब विझवला. आठ आठवडे पूर्ण झाले, पहिली लस झाली, आणि 2018 च्या भस्माच्या बुधवारच्या आसपास ती एकेक करून नव्या घरी गेली. तीन आमच्या आणि शेजारच्या आळीत, एक किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबात. पंचात रडलेले ते तिसरे पिलू शेजारच्या आळीत गेले. पुढे कित्येक रविवार आई मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात त्या घरच्या बाईंना गाठून विचारी, "आमची पोर जेवते ना?" एप्रिलात टिकलीचे ऑपरेशन केले. ते 2016 सालीच करायचे होते. येणाऱ्यासाठी जागा करणे ही जशी तयारी, तशी आपल्याला जागा करता येणार नाही तर त्याला या थंडीत न आणणे हीसुद्धा तयारीच आहे.

आई 2021 साली गेली. टिकली आता म्हातारी झाली आहे; दिवसाचा बहुतेक वेळ ओट्यावरच्या उन्हात झोपून असते. केळ्यांच्या खोलीत पुन्हा थोडी अडगळ साचली आहे. पेटी मात्र तेथे नाही. 2019 च्या हिवाळ्यात आळीतल्या एका घरी कुत्री गाभण होती. ते लोक पेटी मागायला आले. आम्ही पेटी दिली, बल्ब दिला, आईने शिवलेल्या तिन्ही गोधड्या दिल्या आणि धाकटीची वही दिली. त्यांच्याकडून ती दुसऱ्या घरी गेली, तेथून तिसऱ्या. प्रत्येक घराने वहीत आपली पिले, आपली वजने आणि आपल्या चुका लिहिल्या आहेत. गोधड्यांपैकी एक फाटली तेव्हा कोणीतरी तशाच मापाची, चारी कोपऱ्यांना बंद लावलेली नवी शिवून घातली.

थंडी पडू लागली की आम्ही अजून चौकशी करतो. पेटी सध्या चर्चमागच्या आळीत आहे, असे कळते.